ऐकायला कोणी नसेल तर

घोरावाडी स्टेशनपासून जवळच, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत घोरावडेश्वराचा डोंगर आहे. भंडारा आणि भामचंद्र यांच्याप्रमाणे इथेही तुकोबा एकांतासाठी येत, असं वारकरी परंपरा सांगते. वर एकट्याने नाम घेताना त्यांना ऐकायला कोण होतं? भाविक म्हणेल, पांडुरंग होता, आणखी कोण हवं!

उत्तर चोख आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर तुकोबा डोंगर उतरून पुन्हा देहूत कीर्तनाला का उभे राहत, याचा उलगडा होत नाही. कीर्तनाला मागे टाळकरी लागतात आणि समोर माणसं लागतात. याच मावळातल्या सुदुंबऱ्याला ज्यांची समाधी आहे ते संताजी जगनाडे तुकोबांचे टाळकरी. अभंग लिहून ठेवण्याचं श्रेयही परंपरा त्यांना देते.

ऐकायला कोण, हाच प्रश्न १९७०च्या दशकात ब्राझीलमधल्या रॉक वादकांपुढे होता, फक्त देव वगळून. रिओ द जानेरोच्या बाकामार्ते या बँडने ‘देपोइस दो फिम’ हा अल्बम त्या दशकाच्या अखेरीस ध्वनिमुद्रित केला. बाजारात आला तो १९८३ साली. मारिओ नेतो यांची गिटार, बासरी, अकॉर्डियन आणि जेन दुबॉक यांचा स्वच्छ, उंच जाणारा आवाज, सगळं डब्यात बंद. दरम्यान अशा लांब, वळणावळणाच्या रॉकची हौस जगभर ओसरली. त्या मधल्या वर्षांत हे संगीत चांगलं होतं की नव्हतं?

होतंच. मात्र पडून राहिल्यामुळे ते थोर झालं, असंही नाही. दुर्लक्षालाच पुण्य मानणारा एक पंथ रसिकांमध्ये असतो. ‘हे फक्त मला माहीत आहे’ हा त्यांचा जप, आणि अहंकाराचा हा प्रकार बुवाबाजीपेक्षा फार वेगळा नाही.

शिवाय आपलं काम कोणाच्या हाती पडेल, हे करणाऱ्याला कुठे ठरवता येतं? घोरावडेश्वराची मूळची लेणी बौद्ध. धेनुकाकटच्या एका शेतकऱ्याची बायको, सियगुतणिका, हिने मुलासह दिलेल्या दानाचा ब्राह्मी लेख तिथे आहे. दान भिक्खूंसाठी होतं. चैत्यगृहात आज शिवलिंग आहे आणि महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते.

ब्राझीलच्या या मंडळींचे मुंबईतले समकालीन म्हणजे ॲटॉमिक फॉरेस्ट. ॲलेक पदमसी यांनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ रंगमंचावर आणलं, तेव्हा साथीला हाच बँड होता. येशू झाले मधुकर धस आणि ज्यूडास नंदू भेंडे, आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. मराठी प्रेक्षकाला नंदू आठवतात ते १९७८च्या ‘तीन पैशाचा तमाशा’तला अंकुश म्हणून. त्यांचा रॉक मात्र इंग्रजी नाटकवाल्यांच्या वर्तुळापुरता राहिला, यात मराठी रसिकतेचाही थोडा दोष आहे.

त्या रॉक-नाट्यातल्या ज्यूडासची तक्रार इथे नेमकी लागू पडते: लोक येशूचं म्हणणं ऐकायचं सोडून येशूलाच पूजू लागले आहेत. ॲटॉमिक फॉरेस्टच्या एकमेव एलपीची मूळ प्रत आज संग्राहकांची चीज झाली आहे. असली प्रत हाती आल्यावर ती वाजवायची की काचेत ठेवायची, यावर संग्राहकांचं अजून एकमत नाही.