बघणाऱ्याचा वाटा

बैलगाडा शर्यतीतल्या गाडामालकाचं आपल्या बैलावर प्रेम नसतं, असं ज्याला वाटतं त्याने जुन्नर, आंबेगाव, खेड किंवा मावळातल्या एखाद्या गोठ्यात जाऊन यावं. घरच्या लेकरांना मिळत नसेल असा खुराक तिथे शर्यतीच्या बैलाला मिळतो. नावाजलेला बैल गेला की मालकाच्या घरी दशक्रिया घातल्याच्या बातम्या आपण वाचतो. ही माया खोटी नाही, आणि प्रश्न अवघड होतो तो तिच्यामुळेच. क्रौर्य हे दुष्ट माणसाचं काम, असं आपण धरून चालतो. पण ज्या हाताने बैलाला घास भरवला तोच हात घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पराणी उचलतो. असं का व्हावं?

उत्तर घड्याळात आहे. यात्रेच्या दिवशी चार बैल जुंपले जातात, पुढे घोडी धरलेली असते, निशाण पडतं आणि गाडा सुटतो. बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, सेकंदांत मोजली जाते आणि नंबर ठरतो सेकंदाच्या अंशावर. बैलाला यातलं काहीच कळत नाही. तो रवंथ करणारा, कळपात राहणारा प्राणी आहे. धोका जाणवला की तो पळतो, आणि धोका टळला की थांबतो. बक्षिसासाठी धावणं त्याच्या स्वभावात नाही. प्रेमाने खाऊपिऊ घालून त्याला धष्टपुष्ट करता येतं, पण शेवटचा अर्धा सेकंद कमी करायचा तर भीतीच लागते. म्हणून चाबूक येतो, आर लावलेली पराणी येते, शेपूट पिरगळणं आणि चावणं येतं, बॅटरीचा शॉक येतो. मालकाचं मन त्या क्षणी बदललेलं नसतं. त्याच्यापुढे ठेवलेलं माप बदललेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही थांबवल्या, तेव्हा बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, हा मुद्दा निकालाच्या केंद्रस्थानी होता. 2017 मध्ये महाराष्ट्राने शर्यतींना परवानगी देण्यासाठी प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात दुरुस्ती केली. पुढे 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने शर्यतींची वाट मोकळी केली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता मारहाणीला बंदी आहे, शॉकला बंदी आहे, धावपट्टीच्या लांबीला मर्यादा आहे. 1960 च्या मूळ कायद्यात जनावराला छळण्याच्या पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड होता. त्या मानाने आताच्या अटी कडक आहेत, हे मान्य करायला हवं.

पण घटनापीठापुढचा प्रश्न होता, असा कायदा करण्याचा अधिकार राज्याला आहे का. आपल्या मनापुढचा प्रश्न वेगळा आहे. नियम सांगतो, मारू नका. घड्याळ सांगतं, लवकर आण. या ओढाताणीत कोणाचं वजन जास्त पडणार, हे घाटाच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली गर्दी ठरवते. तिला हळू पळालेला, न घाबरलेला बैल बघायचा नसतो. तिची शिट्टी पहिल्या नंबरासाठी राखून ठेवलेली असते.

बघणारा स्वतःला निर्दोष समजतो, कारण त्याच्या हातात काही नसतं. पण त्याच्याचसाठी तर हा सगळा मांड मांडलेला असतो. इसवी सनपूर्व 55 मध्ये रोममध्ये सेनापती पाँपेने लोकांच्या करमणुकीसाठी हत्तींची शिकार ठेवली. जखमी हत्तींचा आकांत ऐकून गर्दी हेलावली. या प्राण्यांचं माणसाशी काही नातं आहे असं लोकांना वाटलं, असं त्या काळच्या सिसरो या वक्त्याने पत्रात लिहून ठेवलं आहे. पण ती कणव त्या दिवसापुरतीच टिकली. आखाडे पुढे शतकानुशतकं भरतच राहिले, कारण लोक येत राहिले. कळवळा वाटणं पुरेसं नव्हतं, पाय दुसरीकडे वळायला हवे होते.

शर्यतीच्या बाजूने जे बोललं जातं ते झटकून टाकण्यासारखं नाही. मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात घोड्यांच्या शर्यती सुखेनैव चालतात, तिथे जॉकीच्या हातात चाबूक असतो. मग श्रीमंतांचा तो खेळ आणि शेतकऱ्याचं ते क्रौर्य का? हा आक्षेप रास्त आहे. पण त्याने घोड्याचा प्रश्न उभा राहतो, बैलाचा मिटत नाही. ताटात मटण घेणाऱ्याने बैलावर बोलू नये, असंही म्हणतात. त्यातही तथ्य आहे, पण एका ठिकाणी चुकलेल्याने दुसऱ्या ठिकाणीही चुकलंच पाहिजे, असा नियम कोणी केला? तिसरा मुद्दा सगळ्यांत वजनदार: ट्रॅक्टर आल्यावर शर्यत नसेल तर खिलार जातीचे बैल सांभाळणार कोण? मात्र खरसुंडीच्या आणि सांगोल्याच्या बाजारात खोंडाची पारख बांध्यावरून, शिंगांवरून, चालीवरून होते. नजर जाणती असेल तर बैलाचं कौतुक त्याला न पळवताही करता येतं. यात्रेतली बक्षिसं त्या पारखीला का मिळू नयेत?

आवडीनिवडी बदलतात. सर्कशीतला वाघ-सिंहांचा खेळ 1998 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने मोडीत निघाला, 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आजच्या मुलांना त्यावाचून काही अडलेलं दिसत नाही. उलट गोव्यात धिरयोवर 1996 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातली, तरी रेड्या-बैलांच्या झुंजी चोरून होतच राहिल्या. फरक एवढाच की एका खेळाचा प्रेक्षक उठून गेला, दुसऱ्याचा नाही.

माझं मत विचाराल तर घड्याळ लावून बैल पळवणं थांबायला हवं. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या भीतीवर आपली मौज उभी करण्याचा हक्क परंपरेनेही मिळत नाही. हे ज्यांना पटणार नाही, त्यांच्यापुढे निदान एक सोपं काम आहे. कायद्याने पराणीला बंदी आहेच. ती दिसली की ती बारी बाद करा, अशी मागणी पोलिसांच्या किंवा प्राणिमित्रांच्या आधी घाटावर उभ्या असलेल्या शौकिनांनी करावी. शर्यत पराणीवाचून चालते, असा त्यांचा दावा आहे. तो खरा की खोटा, हे एका हंगामात कळेल.