क्षमा कुणाच्या पदरची?

दत्तजयंतीच्या अंकात नोकराला कामावरून काढण्याचा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसणाऱ्यांतले कितीतरी जण दिवसा कुणाचे तरी साहेब असतात. दुकानात दोनच पोरं कामाला असली, तरी हा प्रश्न कधी ना कधी दारात येतोच.

चोरी सापडली तर फारसा पेच नसतो. निलंबन, आरोपपत्र, खातेचौकशी, त्याचं म्हणणं ऐकून घेणं, ही वाट ठरलेली आहे. खरी पंचाईत प्रामाणिक माणसाची, ज्याला काम जमत नाही. पतसंस्थेत मी व्यवस्थापक असताना असे एक कारकून होते. 18 वर्षांची नोकरी, एका पैचा घोटाळा नाही. कार्यालयात संगणक आला आणि त्यांचा हात अडखळू लागला. एकाचा भरणा दुसऱ्याच्या खात्यात जाई. संध्याकाळी हिशेब जुळेना, की बाकीच्या दोघीजणी व्हाउचरं चाळत बसायच्या आणि त्यांची गावाकडची एस.टी. चुकायची.

अवधूतांच्या चोवीस गुरूंत पहिली पृथ्वी. तिच्याकडून ते क्षमा शिकले. हे ऐकतच आपण वाढलो, म्हणून अशा वेळी 'असू दे' म्हणणं हाच धर्म वाटतो. पण पृथ्वी नांगर सोसते तो स्वतःच्या अंगावर. साहेब 'असू दे' म्हणतो तेव्हा सोसतं कोण? त्या दोघी, आणि ज्यांचं पासबुक चुकलं ते ठेवीदार. दुसऱ्याच्या पदरचं वाटून दानशूर होता येत नाही.

बरं, काढून टाकावं तर तेही दुसऱ्याच्याच पदरचं. ग्रॅच्युइटीचा कायदा तेव्हा 1972 चा होता. वर्षामागे 15 दिवसांचा पगार धरला, तर 18 वर्षांचे साधारण सव्वादहा महिन्यांचे पैसे होतात. पन्नाशीच्या माणसाचं घर त्यावर किती दिवस चालणार? 'त्याचं प्रारब्ध' म्हणून मोकळे होणारे साहेब मी पाहिलेत. प्रारब्ध त्याचं असेल, पण कागदावरची सही आपली असते.

मग साहेबाच्या पदरचं काय? एकच, तोंडावर सांगण्याचा संकोच. तो मात्र खर्च करायला आपण फार कचरतो. पाठीमागे सगळे बोलतात, ज्याचं त्याला कुणी सांगत नाही. मी त्यांना बसवून चुकांची वही दाखवली, तीन महिन्यांची मुदत दिली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, रोज सकाळी पोटात गोळा यायचा. कुणी विचारेल तर बरं, असं वाटायचं."

मुदतीनंतरही जमलं नाही. पण सभासदांची घरं त्यांना तोंडपाठ होती. संचालक मंडळाशी वाद घालून त्यांना वसुलीकडे दिलं आणि तिथे ते निवृत्तीपर्यंत टिकले.

सगळ्यांचं असं होत नाही. एका तरुण मुलाला दोनदा तोंडी सांगून, तीनदा लेखी देऊनही शेवटी काढावं लागलं. निर्णय बरोबर होता, असं मला आजही वाटतं. त्याची आई गुरुवारी देवळात भेटली की मान वळवते. मी नमस्कार करतो आणि बाजूला होतो.