दानानंतरचे प्रश्न

दान दिले की कर्तव्य संपले, अशी आपली सोयीची समजूत असते. उपवासकाळात दानपेटीत नोट टाकताना तिचे पुढे काय होते, हे आपण क्वचितच विचारतो. आम्हांला हा प्रश्न नव्याने पडला तो आपल्याच नाशिक विभागातील बिलगावमुळे.

नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुड्यातील हे आदिवासी गाव. तेथे २००३ साली उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचा चिमुकला वीजप्रकल्प उभा राहिला. अमेरिकेतील भारतीयांच्या 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' या संस्थेने अर्थसाहाय्य केले, केरळच्या तंत्रज्ञांनी ज्ञान दिले, गावकऱ्यांनी श्रमदान केले आणि पाड्यांवर दिवे लागले.

याच नर्मदेच्या खोऱ्यात परकीय पैशाची दुसरी कथाही घडत होती. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. विस्थापितांच्या पुनर्वसनातील गंभीर उणिवा बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये दाखवल्या. १९९३ मध्ये भारताने उर्वरित कर्ज नाकारले. बँक बाजूला झाली, धरण मात्र वाढत राहिले. २००६ च्या पावसाळ्यात त्याचे पाणी बिलगावपर्यंत चढले आणि तो छोटा प्रकल्प बुडाला.

'लहान ते चांगले, मोठे ते वाईट' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो आम्हांला पुरेसा वाटत नाही. धरणाने दूरच्या कोरड्या मुलखाला पाणी दिले, हे खरे. त्याच्या विजेत महाराष्ट्राचा, म्हणजे आपलाही, २७ टक्के वाटा आहे. आमच्या मते खरा भेद आकाराचा नाही. बिलगावच्या प्रकल्पात घेणाऱ्याचा घाम होता, म्हणून शब्दही होता. धरणात ज्यांची घरे जाणार होती, त्यांचे म्हणणे सर्वांत शेवटी ऐकले गेले. शिवाय कर्ज देणारा निघून जाऊ शकतो. नदीकाठच्या माणसाला मात्र तेथेच राहावे लागते.

म्हणून देणाऱ्याने दोन प्रश्न विचारावेत: घेणाऱ्याला विचारले का? आणि त्याच्यावर संकट आले तर आपण त्याच्याजवळ असू का? दिवा देणे पुण्याचे खरेच; पण तो दिवा बुडत असताना गप्प राहिलो, तर आपण नक्की काय दिले? या प्रश्नातून आम्हीही सुटलेलो नाही. हे लिहिताना आमच्या टेबलावर जळणारा दिवा विजेचाच आहे.