समुद्राच्या वेळेने

समुद्रावर जायचं ठरलं की आमच्या रायगडातली जुनी माणसं आधी विचारतात, "तिथी कुठली?" तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा इथल्या कोळी-आगरी घरांतला पिढ्यानपिढ्यांचा हिशेब. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडा मागेपुढे फरक पडतो, पण घरच्यांबरोबर एक दिवस घालवायला एवढा अंदाज पुष्कळ झाला.

पनवेलकर आठवडाभर लोकल, बस आणि महामार्ग यांच्या वेळा सांभाळत जगतो. म्हणून सुट्टीच्या दिवशीही तो ठिकाणांची यादी घेऊनच निघतो. अलिबागच्या वाटेवर कर्नाळ्याचा सुळका मागे पडतो, पेण, वडखळ, पोयनाड येतं आणि गाडीत हिशेब सुरू होतो : आधी किल्ला, मग किहीम, जेवून नागाव, अंधाराच्या आत परत. समुद्र या यादीला जुमानत नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला, पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. आजही तिथे ओहोटीलाच चालत जाता येतं, आणि पाणी चढण्याआधी परतावं लागतं. ज्यांच्या गलबतांचा या किनाऱ्यावर दरारा होता, त्यांनाही वारा आणि पाणी पाहूनच शिडं उभारावी लागत. मग आपण तासभर थांबलो तर काय बिघडलं?

थांबायला लागलं की दिवस खरा सुरू होतो. सुरूच्या सावलीत चटई अंथरली जाते. डबा उघडतो, शहाळी फोडली जातात. आजोबा टोपी तोंडावर ओढून आडवे होतात. आजी साडीचा काठ उचलून घोटाभर पाण्यात उभी राहते आणि नातवंडांना बजावते, "पाण्याकडे पाठ करू नका रे." त्या धाकात समुद्राबद्दलचा आदर आहे आणि मुलांवरची मायाही. आई तर घरी कधी नुसती बसलेली दिसत नाही. इथे ती बसते, आणि तिच्याकडे कुणी काही मागत नाही.

ओहोटीच्या ओल्या वाळूवर मुलांबरोबर जरा वाकून पाहावं. वाटाण्याएवढी खेकडी बिळातून बाहेर येते. चिमटीने वाळू तोंडाशी नेते, तिला चिकटलेले सूक्ष्म जीव आणि कण गाळून घेते आणि उरलेल्या वाळूची इवलीशी गोळी करून मागे टाकते. बिळाभोवती गोळ्यांच्या ओळी उमटत जातात, रांगोळीसारख्या. सावली पडली की खेकडी क्षणात आत. श्वास रोखून बसलं की पुन्हा बाहेर. भरतीचं पाणी आलं की सगळ्या गोळ्या विरघळतात, आणि पुढच्या ओहोटीला काम पहिल्यापासून सुरू. पुसलं जाण्याचं भय त्या कामात कुठेच नसतं, कारण खेकडीला तिचा घास मिळालेला असतो.

घरच्यांबरोबरच्या दिवसाचंही असंच आहे. संध्याकाळी दाखवण्याजोगं फारसं काही हातात नसतं. वाटेत घेतलेली पांढऱ्या कांद्याची माळ, चपलांतली वाळू आणि पेंगुळलेली मुलं. पण जे पोटात जायचं ते गेलेलं असतं. एरवी बंद दारामागे राहणारा मुलगा आजोबांशेजारी लवंडून बोललेला असतो. दोन भावांमधला अबोला डाव मांडता मांडता विसरला गेलेला असतो. यातलं काहीही ठरवून घडत नाही. त्यासाठी लागतो तो रिकामा वेळ, आणि तोच आपण एकमेकांना सगळ्यांत कमी देतो.

हीच भरती दिवसातून दोनदा पनवेलच्या खाडीतही येते. एके काळी याच पाण्यावरून होड्या बंदराला लागत आणि गावाचा व्यापार भरतीच्या वेळेने चाले. आज पुलांवरून गाड्या धावतात आणि खालचं पाणी चढतंय की उतरतंय, हे पाहायला कुणी थांबत नाही. पाणी मात्र आपली वेळ चुकवत नाही. आपल्या माणसांसाठी आपणही तेवढं नेमाने यावं. आठवड्यातला एखादा प्रहर असा राखावा, की ज्यात कुणाला कुठे पोहोचायचं नाही आणि कुणाकडून काही करून घ्यायचं नाही. तो अलिबागच्या वाळूत मिळाला तर आनंदच आहे. नाही जमलं, तर खाडीच्या काठावर किंवा घरातल्या गॅलरीतही तो मिळतो.