मुका जीव आणि रिकामा खिसा



आपल्या धर्मग्रामात कुत्रा न पाळलेली घरे शोधावी लागतील. वाडीची राखण, रात्रीची सोबत, मुलांचा खेळगडी अशा कुठल्या तरी निमित्ताने तो येतो आणि दहा-बारा वर्षे घरचाच होऊन राहतो. कोणाचा मोती, कोणाचा टायगर, कोणाचा ब्रुनो. मग एक दिवस तो खाणे सोडतो. डॉक्टर तपासतात आणि रक्ताच्या चाचण्या, सोनोग्राफी, सलाईन, कदाचित ऑपरेशन असा खर्च सांगतात. आकडा ऐकून घरधनी गप्प होतो. त्याच महिन्यात मुलीची कॉलेजची फी भरायची असते, आईची मधुमेहाची औषधे आणायची असतात. मग डॉक्टरच हळू आवाजात म्हणतात, "नाहीतर इंजेक्शन देऊन त्याची सुटका करता येईल."

पैशांपायी आपण एका जिवाला मारतो आहोत का? हे पाप आहे का? हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, पण तो फादरांना विचारायची लाज वाटते. "कुत्र्यासाठी एवढे काय?" असे कोणी म्हणेल ही भीती असते. म्हणून आज आपण सर्वांनी मिळून या प्रश्नाचा विचार करू या.

गरिबाची मेंढी

"परवडत नव्हते तर पाळला कशाला?" हा टोमणा अशा घरांना हमखास ऐकावा लागतो. बायबल मात्र असे म्हणत नाही. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान संदेष्टा दावीद राजाला एका गरीब माणसाची गोष्ट सांगतो. त्याच्याजवळ एकच मेंढी होती. ती त्याच्या मुलाबाळांबरोबर वाढली, त्याच्या ताटातले खाल्ले, त्याच्या कुशीत झोपली. ती त्याला मुलीसारखी होती. श्रीमंत शेजाऱ्याने ती हिरावून घेतली हे ऐकून दावीद संतापला. राजाचा विवेक जागा करण्यासाठी संदेष्ट्याने निवडली ती गरिबाची त्याच्या जनावरावरची माया! तोबितच्या पुस्तकात तरुण तोबिया प्रवासाला निघतो तेव्हा देवदूताबरोबर त्याचा कुत्राही चालतो. नीतिसूत्रे सांगतात, नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो. तेव्हा आजारी कुत्र्यासाठी डोळ्यांत पाणी येणे हा बावळटपणा नाही.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात २४१५ ते २४१८ हे परिच्छेद प्राण्यांविषयी आहेत. त्यांत दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. पहिली अशी की, प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा विनाकारण मारणे माणसाला शोभत नाही. दुसरी अशी की, जो पैसा आधी माणसांचे दुःख हलके करण्यासाठी लागतो तो प्राण्यांवर उधळणे हेही योग्य नाही. प्राण्यांवर प्रेम करावे, पण माणसाच्या वाट्याची माया त्यांना देऊ नये.

पैशांच्या अडचणीत सापडलेल्या घराला ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचावी लागतात. मुलीची फी आणि आईचे औषध आधी आले, तर त्यात पाप नाही. त्यासाठी दागिने गहाण टाकावेत, व्याजाने पैसे काढावेत अशी अपेक्षा ख्रिस्तसभा करीत नाही. मात्र 'विनाकारण' हा शब्द आपल्याला सुटू देत नाही. फी आणि औषध ही गरज आहे. नवा मोबाईल किंवा बारशाचा थाट ही गरज नव्हे. "परवडत नाही" आणि "नकोसे झाले आहे" यांतला फरक आपला आपल्यालाच ठाऊक असतो.

मग आजीचे काय?

कोणी विचारील, कुत्र्याला यातनांतून सोडवणे ही दया असेल तर अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या बाबतीत ख्रिस्तसभा दयामरणाला 'नाही' का म्हणते?

कुत्रा आजचा दिवस जगतो. आज दुखते आहे एवढेच त्याला कळते. ते का दुखते, कधी थांबेल, उद्या काय होईल हे त्याला समजावून सांगता येत नाही. तो आपल्या हाती सोपवलेला जीव आहे, म्हणून त्याच्या यातनांची जबाबदारीही आपल्यावर येते. आजी मात्र कोणाच्या हाती सोपवलेली वस्तू नाही. ती देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेली व्यक्ती आहे. दुखण्यातही ती प्रार्थना करते, क्षमा मागते, क्षमा करते, नातवाच्या डोक्यावर हात ठेवते. हे काही करण्याची शुद्ध उरली नाही, तरी तिचे मोल कमी होत नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील क्रूर हल्ल्यानंतर २०१५ साली मृत्यू येईपर्यंत अंथरुणावर होत्या. त्यांच्या दयामरणासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळली. ज्या परिचारिका त्यांना रोज भरवत, स्वच्छ करत, त्यांचाच दयामरणाला विरोध होता! माणसाचे मोल म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावे.

अर्थात माणसाच्या बाबतीतही, फळापेक्षा ओझेच मोठे असे उपचार थांबवण्यास ख्रिस्तसभेची मनाई नाही. पण उपचार थांबवणे वेगळे आणि जीव घेणे वेगळे.

तीन वेगळे प्रसंग

कुत्र्याच्या दयामरणाचे सगळे प्रसंग सारखे नसतात. त्यांची सरमिसळ झाली की मनही गोंधळते.

पहिला प्रसंग असा की, आजार बरा होणारा नाही आणि यातना थांबत नाहीत. इथे पैसा असता तरी निर्णय फारसा वेगळा झाला नसता. अमेरिकेतील पशुवैद्यक ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली अशा वेळी विचारायचे सात प्रश्न मांडले. दुखणे आवरते आहे का, श्वास नीट चालतो का? खातो का? पाणी पितो का? त्याला स्वच्छ ठेवता येते का? आपल्याला पाहून आनंदतो का? उठतो, चालतो का? आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का? घरच्यांनी आठवडाभर रोज कॅलेंडरवर चांगल्या-वाईट दिवसाची खूण करावी. बहुतेक वेळा उत्तर आपोआप समोर येते.

दुसरा प्रसंग म्हणजे कुत्रा म्हातारा झाला आहे, घरात लघवी करतो, रात्री भुंकतो, पण यातनांत नाही. इथे इंजेक्शनने सुटका होते ती आपली. याला दया म्हणू नये.

तिसरा प्रसंग सर्वांत अवघड आहे. कुत्रा बरा होऊ शकतो, पण तेवढे पैसे घरात नाहीत. इथे "त्याच्या भल्यासाठी केले" हे शब्द पुरते खरे नसतात आणि म्हणूनच ते घशात अडकतात. अशा वेळी आधी सगळी दारे ठोठावली पाहिजेत. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, "आमच्याकडे एवढेच पैसे आहेत, त्यात काय होईल?" कोणती चाचणी टाळता येईल, पैसे हप्त्याने चालतील का, हे विचारावे. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे. जुनी माणसे त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. एकोणिसाव्या शतकापासून ते मुक्या जनावरांची सेवा करीत आले आहे. उपचार करून सांभाळायला कोणी तयार असेल, तर काळजावर दगड ठेवून त्याच्या हाती कुत्रा द्यावा. हात पसरण्याची लाज वाटते हे खरे; पण आपल्या लाजेची किंमत त्या मुक्या जिवाने का भरावी?

सगळी दारे बंद झाली आणि पुढे फक्त तडफडून मरणे उरले, तर ते इंजेक्शन 'विनाकारण' राहत नाही. अशा वेळी "आम्ही पैशांसाठी त्याला मारले" असे म्हणून स्वतःला टोचत राहू नये. त्याला आजाराने गाठले आणि आपल्याला गरिबीने. आपण फक्त त्याच्या यातना थांबवल्या. दुःख जरूर करावे. पण दुःख म्हणजे दोष नव्हे.

हात स्वच्छ ठेवण्याचा मोह

इंजेक्शनला घाबरून काही जण दुसरा मार्ग धरतात. आजारी कुत्रा टेम्पोत घालून मासळीबाजारापाशी, किल्ल्याकडे किंवा दूरच्या वाडीत सोडून येतात. "आम्ही मारला नाही, देव बघेल," असे म्हणतात. बंधू-भगिनींनो, याहून मोठी फसवणूक नाही! जो जीव आयुष्यभर आपल्याच दाराची राखण करीत आला, तो अनोळखी रस्त्यावर, उपाशी, इतर कुत्र्यांचे चावे खात मरतो आणि शेवटपर्यंत आपली वाट पाहतो. आपले हात स्वच्छ राहतात, पण त्याचा मृत्यू अधिक क्रूर होतो. मनुष्य जबाबदारीतून हात काढून घेतो आणि त्यालाच पापभीरुपणा समजतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. विष घालून मारणे हाही गुन्हाच आहे. घरच्या डब्यातली दुखण्याची गोळीही त्याला आपल्या मनाने देऊ नये. आपल्याला चालणाऱ्या काही गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात.

शेवटची घटका

निर्णय झालाच, तर तो नीट पार पाडावा. इंजेक्शन पशुवैद्यकानेच द्यावे. आधी गुंगीचे औषध देण्याची विनंती करावी. त्यानंतर शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस दिला जातो आणि थोड्याच वेळात हृदय थांबते. डोळे उघडे राहतात, कधी एखादा खोल श्वास येतो. त्याने घाबरू नये. घरातल्या एकाने तरी शेवटपर्यंत जवळ थांबावे. "मला बघवत नाही" म्हणून बाहेर जाऊन उभे राहणे समजण्यासारखे आहे, पण त्या टेबलावर त्याला ओळखीचा एकच आवाज हवा असतो आणि तो आपला असतो. त्याला बिल कळत नाही, आपला हात मात्र कळतो.

पुरायचे असेल तर विहीर आणि बावखल यांपासून दूर, खोल खड्डा करावा. औषध शरीरात राहते, इतर जनावरांनी ते उकरून खाऊ नये. आणि मुलांशी खोटे बोलू नये. "त्याला गावाला पाठवले" असे सांगितले तर मूल रोज फाटकाकडे पाहत बसते. "तो फार आजारी होता, बरा होणार नव्हता, आम्ही त्याच्या यातना थांबवल्या," एवढे खरे मुलांना पेलते. बरा होऊ शकला असता, पण पैसे पुरले नाहीत, असे असेल तर तेही मोठ्या मुलांना सांगावे. घरच्या अडचणी मुलांना आपल्याला वाटतात त्याहून अधिक कळतात.

पिल्लू आणतानाच

या प्रश्नाची सुरुवात शेवटच्या आजारात होत नाही, पिल्लू घरात आणतो त्या दिवशी होते. पार्वो, डिस्टेंपर आणि रेबीजच्या लशी, गोचिडांवरचे औषध, पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यापासून जपणे, मादीची वेळेवर नसबंदी, यांचा खर्च नंतरच्या ऑपरेशनपुढे किरकोळ असतो. नसबंदी न केलेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार होऊ शकतो, तो यामुळे टळतो. घरात दर महिन्याला थोडे पैसे 'मोतीचा डबा' म्हणून बाजूला पडले, तर अवघड दिवशी थोडा तरी आधार होतो.

आणि शेजारधर्माचे काय? एखाद्या घरी असा प्रसंग आला तर टोमणा मारण्याऐवजी आपल्याला गाडी देता येईल, परळपर्यंत सोबत जाता येईल, गल्लीतल्या चार घरांना मिळून औषधाचे पैसे उभे करता येतील. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात गरिबांचा आणि सृष्टीचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले आहे. आजारी कुत्रा मांडीवर घेऊन बसलेल्या गरीब माणसाच्या दारात हे दोन्ही आक्रोश एकाच वेळी ऐकू येतात.

"तो आम्हाला स्वर्गात भेटेल का?" असे मुले विचारतात. संत पौल रोमकरांस लिहितात की, सारी सृष्टी मुक्तीची वाट पाहत कण्हते आहे. येशूने सांगितले की, एका चिमणीचाही देवाला विसर पडत नाही. मुलांना एवढे सांगावे. ज्या देवाने त्याला आपल्या ओटीवर पाठवले, त्याच्या हाती तो परत सोपवला, असे म्हणून रात्रीच्या प्रार्थनेत त्याचे नाव घ्यावे आणि त्याने दिलेल्या वर्षांबद्दल देवबापाचे आभार मानावेत.