ओळखीचे तळहात

करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला एक गुऱ्हाळ होतं. आजोबांच्या काळात तिथं रस आटवायची एकच काहील होती. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत इथल्या गुळाचे रवे बैलगाडीनं जायचे आणि सालभराचा हिशेब एका लाल चोपडीत मावायचा.

नातवाच्या हाती कारभार आला तेव्हा दिवस पालटले होते. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं होतं. मुंबई-पुण्याची दुकानं थेट गुऱ्हाळावर फोन करून माल मागत होती. नातू कष्टाळू होता. त्यानं एका काहिलीच्या दोन केल्या, दोनाच्या तीन. आता चौथी टाकायची होती आणि त्यासाठी पैसा हवा होता.

पुण्यातली एक गुंतवणूक संस्था लहान उद्योगांना असं भांडवल देत असे. तिची अट मात्र वेगळी होती. नफ्याचा आकडा तर हवाच, शिवाय तुमच्या धंद्यानं माणसांचं काय झालं आणि माती-हवा-पाण्याचं काय झालं, तेही आकड्यांत मांडा, असं तिचं म्हणणं होतं. नातवाला ते अवघड वाटलं नाही. एका संध्याकाळी सोप्यात बसून त्यानं कागद भरला. आजी शेजारीच जोंधळे निवडत होती.

"वाच की मोठ्यानं," ती म्हणाली.

त्यानं वाचलं, "रोजगार, ३६ जणांना. त्यांत स्त्रिया १४. उलाढाल तीन वर्षांत अडीच पट. इंधन संपूर्ण नैसर्गिक, उसाचं चिपाड."

आजीचा हात सुपात थांबला. तिची एक रीत होती. हंगामाचं पहिलं आधण उतरलं, वाफ्यात गूळ घोटला गेला, की ती गुऱ्हाळावर जायची आणि प्रत्येक कामकऱ्याच्या तळहातावर कोमट गुळाचा खडा ठेवायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून एकही हंगाम चुकला नव्हता.

"बाळा," ती म्हणाली, "यंदा ३६ तळहातांवर गूळ ठिवला मी. त्यातलं वळखीचं सातच निघालं. आजोबांच्या वक्ताला जळव्या ईस वर्सं एकच हुता. आता दरसाल नवा येतोय. जुनी मानसं का येईनात?"

नातू गप्प राहिला.

"आनि ह्या ३६ जनांस्नी काम दिलंस म्हनतोस. त्यातली किती तुझ्यामुळं कामाला लागली, आनि किती शेजारच्या गुऱ्हाळावरनं जादा उचल दिऊन आनलीस? तिकडची चूल इझवून हितली पेटवली, तर गावात चुली वाढल्या म्हनू नये."

"आजी, कागदात तसं विचारलेलं नाही."

"कागदात नसंल. मी इचारतीया. आनि निस्तं चिपाडच जळतंय, तर दारातल्या तुळशीवर काळं कशाचं बसतंय रं?"

त्या रात्री नातवाला झोप लागली नाही. इंधनाची ओळ सोडली तर कागदावरचा एकही आकडा खोटा नव्हता. तरी त्या कागदात त्याचं गुऱ्हाळ कुठं दिसत नव्हतं.

पहाटे चारला तो उठला आणि चुलवाणाच्या तोंडाशी, जाळ घालणाऱ्या जळव्याशेजारी जाऊन बसला. मालक तिथं बसायला आल्याचं पाहून जळव्या बावरला. अर्ध्या तासात नातवाचे डोळे चुरचुरायला लागले. चिपाड हातात घेतलं तर ओलं होतं, पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. ते नुसतं धुपत होतं. जाळ धरावा म्हणून जळव्या अधूनमधून बाजूच्या ढिगातला जुन्या टायरचा तुकडा आत सरकवत होता. तो ढीग नातवानंच विकत आणवला होता. काळा धूर धुराड्यातून वर जाऊन वस्तीकडं वळत होता.

"चिपाड वाळवत का नाही?" त्यानं विचारलं.

उत्तर काहिलीजवळून म्हाताऱ्या गुळव्यानं दिलं. "मालक, तीन काहिलींचा रस दारात हुबा असतोय. वाळवायला उन्हाचं दोन दीस कुठनं आनायचं? तुमचं आजोबा म्हनायचं, ज्या उसाचा रस, त्येच्याच चिपाडावर आटला पायजे. चिपाड कमी पडलं, तर समजायचं आपलंच कायतरी चुकतंय."

नातवानं त्याच दिवशी एक वही घेतली आणि तिचे तीन भाग पाडले. पहिला पैशाचा, दुसरा माणसांचा, तिसरा मातीचा. मोजायचं ते थोडंच, पण रोज, आणि ज्याच्या अंगाशी येतं त्यालाच विचारून, असं त्यानं ठरवलं. पैशाच्या पानावर प्रत्येक काहिलीचा हिशेब वेगळा लिहिला, विकतचं जळण काट्यावर तोलून. माणसांच्या पानावर कोण आलं, कोण आजारी, कोण उचल बुडवून गेलं आणि का गेलं. मातीच्या पानावर काय लिहावं ते त्याला सुचेना. शेवटी तो वस्तीवरच्या शेजारणीकडं गेला.

"काकी, दोरीवरची धुणी काळी झाली की मला सांगत जावा."

तिनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. "तीन वर्सं झाली काळी हुत्यात. आज इचारतोस?"

पण ती सांगत राहिली. महिन्याच्या ३० दिवसांत १९ खुणा झाल्या.

महिना सरल्यावर त्यानं तिन्ही पानं शेजारी शेजारी उघडली आणि त्याला एकच गोष्ट तीनदा लिहिलेली दिसली. चिपाड ओलं, म्हणून जाळ मंद. जाळ मंद, म्हणून अडीच तासांचं आधण साडेतीन तास चालायचं. रस जास्त वेळ शिजला, म्हणून गूळ काळा आणि मऊ पडायचा. रंग उजळावा म्हणून त्यात गंधकयुक्त पावडर पडायची, आणि गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला अन्नसुरक्षेच्या नियमांनी घातलेली मर्यादा माहीत असलेली चोखंदळ गिऱ्हाइकं तो माल परत पाठवायची. जाळ धरेना म्हणून टायर, टायरचा धूर म्हणून खोकला. खोकल्यानं माणूस पळाला की त्याची उचल बुडायची, आणि नव्या माणसाच्या हाताला चुलवाण कळेपर्यंत आणखी दोन आधणं बिघडायची. तिसरी काहील नफ्यात आहे असं तो समजत होता. तिचा हिशेब वेगळा मांडला तेव्हा कळलं, की पहिल्या दोघींची कमाई ती गिळत होती.

त्यानं तिसरी काहील उतरवली. पुण्याला दुसरा कागद पाठवला. "कामावर ३६, त्यांतले गेल्या वर्षीचे ७. दुसऱ्या गुऱ्हाळांवरून आलेले १५. इंधनात टायर जाळला, तो बंद केला आहे. शेजारच्या घरी महिन्यातले १९ दिवस काजळी. तिसरी काहील तोट्यात, म्हणून चौथी आता नको."

संस्थेच्या बाई स्वतः गुऱ्हाळावर आल्या. वही चाळली, शेजारणीशी बोलल्या, चुलवाणापाशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "पुढच्या हंगामात यातले कोणते आकडे बदललेले पाहायला तुम्हाला आवडतील?"

"सात आणि एकोणीस," तो म्हणाला.

पैसे मिळाले ते मागितल्याच्या निम्म्याहून कमी. त्यातून चिपाड कोरडं ठेवायला पत्र्याची शेड झाली आणि धुराडं उंच झालं. त्या हंगामात चिपाड खळ्यावर पसरून दोन-तीन उन्हं दिली जाऊ लागली. बायकांचं काम वाढलं, म्हणून त्यांची मजुरीही वाढवावी लागली. तीही वहीत चढली. जाळ पिवळाधमक लागला. आधण पुन्हा अडीच तासांवर आलं. उलाढाल घटली, शिल्लक वाढली. शेजारणीच्या खुणा महिन्याला चारवर आल्या. शून्य झाल्या नाहीत, आणि वहीत चारच लिहिल्या गेल्या.

त्यानंतरच्या दिवाळीला पहिलं आधण उतरलं. आजी काठी टेकत गुऱ्हाळावर आली. दोन काहिलींवर आता २४ माणसं होती. ती एकेकाच्या तळहातावर गूळ ठेवत पुढं निघाली. मोतीबिंदूनं तिला चेहरे धड दिसत नव्हते. ती हात धरायची, अंगठ्यानं तळवा चाचपायची, आणि मग गूळ ठेवायची. चुलवाणापाशी एका तळहातावर तिचा अंगठा थांबला. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना वण होता.

"तू गेल्या सालचा न्हवं?"

"व्हय आजी," जळव्या म्हणाला. "संगं धाकट्या भावाला बी आनलंय."

आजीनं त्याच्या तळहातावर दोन खडे ठेवले. मग नातवाकडं वळून म्हणाली, "पंधरा. लिव तुझ्या वहीत."

वाढणाऱ्या लहान उद्योगाला हीच गोष्ट सांगावीशी वाटते. किती जणांना काम दिलं, हे मोजणं सोपं आहे. किती जण आपण होऊन परत आले, हे मोजायला हिंमत लागते. पैसा, माणूस आणि माती यांची पानं तीन असली तरी चूल एकच असते. एका पानावरून जे लपवावं, ते दुसऱ्या पानावर तोटा होऊन उमटतं. म्हणून मोजमाप दुसऱ्याला दाखवण्यासाठी करू नये, आपलं चुकतंय कुठं ते आपल्याला दिसावं म्हणून करावं. आणि मोजायला बसताना आपल्या धुराखाली ज्यांची धुणी वाळतात, त्यांना आधी विचारावं.