दरखास्तीपासून सुरुवात

सकाळी साडेसात ते नऊ मी विधी महाविद्यालयात दिवाणी प्रक्रिया संहिता शिकवतो आणि अकराला तालुक्याच्या कोर्टात हजर असतो. वकिली न सोडता कायदा शिकवायची मुभा केंद्र सरकारच्या १९७९च्या नियमांनी दिली आहे. अट एवढीच की दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त शिकवायचे नाही. तेरा वर्षे हे चालू आहे. त्यातली पहिली नऊ वर्षे मी संहिता उलट्या टोकाने शिकवली, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

१९०८ची ही संहिता दावा चालतो त्या क्रमाने लावलेली आहे. दावा, समन्स, कैफियत, मुद्दे, पुरावा, निकाल, हुकूमनामा. आणि मग आदेश २१, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी. आपल्या कोर्टांत तिला दरखास्त म्हणतात. ५१ आदेशांत हा सगळ्यांत लांब, शंभराहून अधिक नियमांचा. वर्गात मात्र कलम ९ आणि कलम ११ यांवर तीन आठवडे जातात आणि आदेश २१ला परीक्षेआधीचे चार दिवस उरतात. ‘सर, यावर फार तर एक टीप येते,’ असे मुले सांगतात, आणि ते खरे असते.

पक्षकाराच्या दृष्टीने हीच बाजू सगळ्यांत जड आहे. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवून ठेवले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, जास्त वेळ लागला तर कारणे लेखी द्या. दीडशे वर्षांत दुखणे तिथल्या तिथेच आहे.

माझ्याकडे एका बाईंची दरखास्त आहे. घरामागच्या मोकळ्या जागेच्या ताब्याचा हुकूमनामा त्यांना चौदा वर्षांनी मिळाला. बेलिफ ताबा वॉरंट घेऊन गेला तेव्हा बाई सकाळपासून तिथे उभ्या होत्या, हातात नव्या कुलपाची पिशवी. दाव्यात चतुःसीमा लिहिली होती ती अशी: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस प्रतिवादीचे घर, दक्षिणेस बोळ, उत्तरेस चिंचेचे झाड. झाड केव्हाच तोडले होते. बोळावर पत्र्याची शेड उभी होती आणि शेडवाला दाव्यात पक्षकारच नव्हता. सिटी सर्व्हे नंबर नाही, लांबी-रुंदी नाही, नकाशा नाही. बेलिफाने अहवाल लिहिला: वर्णनाप्रमाणे मिळकत ओळखून येत नाही, सबब वॉरंट विनाबजावणी परत. बाई कुलूप घेऊन घरी गेल्या.

त्या अहवालाची प्रत, नावे झाकून, मी चार वर्षांपासून पहिल्याच तासाला वर्गात वाटतो. चूक कुठे झाली ते शोधा, एवढेच सांगतो. मुले आधी बेलिफाला दोष देतात. मग वॉरंट पाहतात, वॉरंटावरून हुकूमनाम्याकडे जातात. तिथे आदेश २०, नियम ९ सापडतो. हुकूमनाम्यातले वर्णन आले कुठून? दाव्यातून. तिथे आदेश ७, नियम ३ आहे: मिळकत ओळखता येईल असे वर्णन द्या, चतुःसीमा किंवा सर्व्हे नंबर असेल तर तो लिहा. मागच्या बाकावरची एक मुलगी एकदा म्हणाली, ‘म्हणजे सर, दावा दाखल झाला त्याच दिवशी दरखास्त अडली होती.’ हे मी नऊ वर्षांत व्याख्यान देऊन कुणाला शिकवू शकलो नव्हतो.

काही प्राध्यापक मित्रांचा आक्षेप असतो की वकील शिकवायला आले की कायद्याऐवजी क्लृप्त्या शिकवतात. आक्षेप पोकळ नाही. कैफियतीची मुदत ३० दिवस, वाढवून ९० हे सांगताच कुणीतरी विचारतेच, ‘त्यानंतर?’ साध्या दाव्यात ही मुदत काटेकोर बंधनकारक नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवले आहे, तर वाणिज्यिक दाव्यांत १२० दिवसांनंतर दार बंद होते. हे सांगावेच लागते. पण त्याच तासाला मी दुसरा कागदही दाखवतो: रोजनामा. त्यात प्रत्येक मुदतवाढीची तारीख आणि त्या तारखेला वादी हजर असल्याची नोंद असते. महाराष्ट्राने १९७७ मध्ये संहितेत कलम ९अ घातले. अधिकारक्षेत्राचा वाद आधीच निकाली निघावा हा हेतू चांगला होता. दावे त्या एका मुद्द्यावरच वर्षानुवर्षे अडकू लागले आणि २०१८ मध्ये ते कलम वगळावे लागले. ही हकीकत कळलेला विद्यार्थी मुदतवाढीचा अर्ज लिहिताना थोडा तरी थांबेल, अशी माझी श्रद्धा आहे. पूर्वनिर्णयाचे तत्त्व, न्यायाधिकाराची मीमांसा हे पूर्णवेळ प्राध्यापक माझ्यापेक्षा चांगले शिकवतात. फाईल मात्र वकिलानेच वर्गात आणायची आहे.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे: प्रश्नपत्रिकेत आदेश २१वर एक सक्तीचा प्रश्न घाला आणि सोबत असा एखादा बेलिफाचा अहवाल जोडा. परीक्षेत आले की ते वर्गातही येईल.

बाईंच्या दरखास्तीत कोर्ट कमिशनर नेमला आहे. पुढची तारीख मोजणीच्या नकाशासाठी आहे.